शीट चौदाची पूर्व बाजू

ब्रिस्टल, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदूकाका,

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही "बरं बरं" म्हणता, म्हणून पत्र. पाकीट आलं की जाहिरातींच्या गठ्ठ्यात न टाकता तुमच्या खुर्चीशेजारी ठेवायचं, असं मी तुमच्या लेकीला, देविकाताईला बजावलं आहे.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. युनिव्हर्सिटीच्या तळघरात बसून मी जुने नकाशे स्कॅन करते आणि प्रत्येकाची नोंद लिहिते. गेल्या महिन्यात दक्षिण अरबस्तानातल्या वाळवंटी घळींची पेटी उघडली. एकोणीस शीट्स, १९६८ ते १९७५ मधली. चौदा नंबरचं, वादी सुराह या घळीचं शीट उलटं केलं तर मागे पेन्सिलीत बारीक अक्षरं दिसली. पश्चिमेच्या कोपऱ्यात एम. के., पूर्वेच्या कोपऱ्यात एन. के. मधुमती कारखानीस आणि नंदकुमार कारखानीस, म्हणजे काकू आणि तुम्ही. तळघरात मी एकटीच होते, तरी कुणाला तरी सांगावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. नाशिकला तुमची पत्रं यायची तेव्हा बाबा म्हणायचे, "नंदू लंडनला बसून परक्यांचे डोंगर काढतो." ते डोंगर मी पहिल्यांदाच पाहत होते.

आता खरं कारण. सिया बर्मिंगहॅमला भूशास्त्रात एमएससी करते. जानेवारीत ती आणि तिच्या वर्गातले इथन आणि लिओरा याच घळीत पायी जाणार आहेत. वायव्येकडून दोर लावून तळाशी उतरायचं. तिथून परत चढता येत नाही. मग तळातून तीन दिवस चालायचं आणि पूर्वेच्या कड्यात जिथे खिंडार आहे तिथून वर यायचं. वर गाडी येईल. घळीत पाण्याचा थेंब नाही, पाठीवर मावेल तेवढंच, म्हणजे चार दिवसांचं. आणि ते खिंडार फक्त तुमच्या शीटवर आहे. उपग्रहाच्या चित्रात ही घळ म्हणजे एक काळा ओरखडा आहे, इतकी अरुंद की तळाशी ऊनच पोचत नाही. नवे नकाशे तिथल्या लष्कराकडे असतात, ते कुणाला देत नाहीत.

शीटच्या पश्चिम भागात समोच्च रेषा जागोजागी तुटक आहेत. पूर्व भागात मात्र एकही तुटक नाही. सलग, नाजूक, एका दमात काढल्यासारख्या. आमच्या फॉर्ममध्ये अचूकतेचा रकाना असतो. मी पूर्वेसाठी "चांगली" भरलं आणि पश्चिमेसाठी "बरी". तरी पोटच्या मुलीचा प्रश्न आहे म्हणून विचारते. ते खिंडार खरं आहे ना?

तुमची,
ऋजुता


लीड्स, २० नोव्हेंबर २०२५

चि. ऋजू,

पत्र तीनदा वाचलं. एकदा डोळ्यांनी, एकदा भिंगानं आणि एकदा देविकाकडून.

शीट चौदा. म्हणजे ती अजून आहेत तर. लंडनचं आमचं नकाशांचं ऑफिस बंद झालं तेव्हा मला वाटलं होतं सगळी रद्दीत गेली. आम्ही चाळीस जण होतो एका लांब दालनात, दोन रांगांत. मराठी आम्ही दोघंच. साहेब आम्हाला "मिस्टर के आणि मिसेस के" म्हणायचा, कारखानीस म्हणायची त्याची कधी हिंमत झाली नाही.

काम कसं चालायचं ते तुला सांगतो, तुमच्या कॉम्प्युटरला हे कळणार नाही. विमानातून एकाच जमिनीचे दोन फोटो घेतलेले असायचे, थोड्या थोड्या अंतरावरून. ते शेजारी ठेवून दोन्ही डोळ्यांनी भिंगातून पाहिलं की डोंगर कागदातून वर येतो आणि घळ खाली जाते. मधू म्हणायची, "पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हात मागे घेतला, बोट कापेल म्हणून." मग उंच्या टिपायच्या, त्यांवरून कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेष. शेवटची रेष शाईची नसायची. नारिंगी लेप दिलेल्या फिल्मवर सुईनं खरवडायची असायची. तिथे हात थरथरला की संपलं. माझा कधी थरथरला नाही. माझी रेष त्या दालनात सगळ्यात देखणी होती, हे मी म्हणत नाही, साहेब म्हणायचा. मधू मात्र रेष तोडायची. त्यावर साहेब वैतागायचा. "मिसेस के, तुमचा डोंगर मधेच सुट्टीवर जातो का?" ती म्हणायची, "डोंगर जागेवरच आहे, सर. मी नाहीये तिथे."

चार वाजता चहाची गाडी यायची. मधू माझा कप भरून द्यायची, कारण मी ओतला की अर्धा बशीत. देविका अजून तेच म्हणते.

सियाला आशीर्वाद. पण ती वाळवंटात कशाला जाते? लेक डिस्ट्रिक्ट आहे की. बसनं जाता येतं, आणि पाणी तर इतकं की विचारू नकोस.

तुझा,
नंदूकाका


ब्रिस्टल, २६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदूकाका,

तुमचं पत्र फार सुंदर आहे आणि त्यात मी विचारलेलं सोडून सगळं आहे. चहाची गाडी आहे, बशी आहे, लेक डिस्ट्रिक्टची बससुद्धा आहे. खिंडार नाही.

मी डायरीत लिहिलं, "काकू गेल्यापासून काकांना एकटेपण आहे, त्यांना बोलू दे." दुसऱ्या दिवशी ते खोडलं. माझी चिडचिड झाली होती आणि मी तिला समजूतदारपणाचं नाव देत होते. म्हणून सरळ लिहिते. सोबत पूर्व भागाची फोटोकॉपी आहे. लाल वर्तुळ मी काढलं आहे. वर्तुळात आठ रेषा एकमेकींपासून लांब होत कड्यातून वर जातात. म्हणजे तिथे माणसाला चढता येईल असा उतार आहे. तो तुम्ही काढलात. तुम्ही तो फोटोत पाहिलात का? हो किंवा नाही, एवढंच. पोस्टकार्डावर मावेल.

सियाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते. तिचं म्हणणं, "आई, तुझा काका आहे तो, व्हॉट्सॅप कर ना." मी तिला सांगते की त्यांना व्हॉट्सॅप केलं तर ते देविकाताईचा फोन उलटा धरतात.

ऋजुता


लीड्स, ८ डिसेंबर २०२५

चि. ऋजुता,

एखादं शीट छापून बाहेर पडतं तेव्हा त्यावर तीन माणसांच्या सह्या झालेल्या असतात. काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि साहेबाची. पन्नास वर्षांत शीट चौदाबद्दल कुणाची तक्रार आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सरकारी काम होतं ते, शाळेतली चित्रकला नव्हती. तुझ्या युनिव्हर्सिटीत तुझ्या प्रत्येक नोंदीबद्दल तुला असं लाल वर्तुळ काढून विचारतात का?

सियाला म्हणावं पाणी जास्त ने. शक्य असेल तर या वर्षी जाऊ नकोस म्हणावं. थंडीत तिकडे अचानक पूर येतात, असं कुठेतरी वाचलं आहे. इकडे लीड्सला बर्फ पडेल म्हणतात.

फोटोकॉपी माझ्याकडेच ठेवतो.

नंदूकाका


ब्रिस्टल, १६ डिसेंबर २०२५

प्रिय नंदूकाका,

तुम्हाला दुखावलं, माफ करा. तीन सह्या म्हटल्यावर मी समजायला हवं होतं. माझा स्वभावच असा आहे. गॅस बंद केला का हे मी घराबाहेर पडल्यावर दोनदा परत येऊन पाहते, आणि समरला वाटतं (नवरा असूनही अजून वाटतं) की मी काहीतरी विसरले आहे.

सियाला मी सांगितलं की पूर्व भाग पक्का आहे. ९ जानेवारीला विमान, १३ तारखेला ते घळीत उतरतील. इथनला पश्चिमेची एखादी वाट पर्याय म्हणून हवी होती. मी म्हटलं नको, तिकडे रेषा तुटक आहेत. काकूंना तिथे खात्री नसावी, काकांचा हात मात्र स्वच्छ आहे. हे लिहिताना काकूंबद्दल जरा अन्याय होतोय असं वाटतंय, पण नकाशाकडे नकाशा म्हणूनच पाहायला हवं.

एक छोटं काम. नोंदीत "रेखाटन" या रकान्यात एकच नाव मावतं. मी तुमचं घालते आहे. चालेल ना?

बर्फात बाहेर जाऊ नका.

ऋजुता


लीड्स, २२ डिसेंबर २०२५

चि. ऋजू,

माझं नाव घालू नकोस.

माझा डावा डोळा जन्मापासून आळशी आहे. दिसतं त्याला, पण दोन डोळ्यांची दोन चित्रं माझ्या डोक्यात एक होत नाहीत. भिंगातून पाहिलं की चाळीसातल्या एकोणचाळीस जणांना डोंगर वर आलेला दिसायचा. मला दोन सपाट फोटो दिसायचे. कधीच काही वर आलं नाही. चहा बशीत जातो तो त्यामुळेच, कप किती लांब आहे हे मला कळत नाही.

नोकरीच्या आधी डोळ्यांची परीक्षा होती. सहा चित्रं, कुठला ठिपका वर आणि कुठला खाली ते सांगायचं. माझ्या आधी एक मुलगी आत गेली. बाहेर आली तेव्हा कुणीतरी मराठी दिसतंय या आनंदात तिनं मला सगळं सांगून टाकलं. पहिल्यात उजवा, दुसऱ्यात मधला, असं सहाच्या सहा. मी पाठ केलं आणि पास झालो. तुझ्या काकूची आणि माझी ओळख अशी झाली. तुम्हा सगळ्यांना आम्ही सांगितलं होतं की महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलो.

लग्नानंतर महिन्याभरात तिला कळलं. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती माझे फोटो पाहायची आणि उंच्या टिपून द्यायची. मी त्या जोडायचो. उंच्या तिच्या, रेष माझी. सात वर्षं असंच चाललं, कुणाला कळलं नाही. आणि खरं सांगतो, ऋजू, ते काम चांगलं होतं.

मार्च १९७४ मध्ये मधूनं काम सोडलं. दोन महिन्यांनी देविका झाली. शीट चौदाची पश्चिम बाजू ती पुरी करून गेली होती. पूर्व बाजू माझ्या टेबलावर राहिली. शेजारच्याला विचारावं तर सात वर्षांचं बिंग फुटणार. घरी फोटो नेऊ देत नसत. नोकरी गेली असती तर बाळंतीण बायको घेऊन परत जायचं, आणि तिथे जाऊन काय सांगायचं? मग मी सावल्यांवरून काढलं. सावली लांब तर कडा उंच, आखूड तर ठेंगणा. तुझ्या लाल वर्तुळात सावली तुटलेली होती. सावली तुटली म्हणजे कडा तुटला असेल, असं मी धरलं. मी कडा तुटलेला पाहिला नाही. सावली तुटलेली पाहिली.

तपासणाऱ्यानं रेष तपासली. रेष उत्तम होती.

आणि मधूच्या तुटक रेषा. तू लिहिलंस तिला खात्री नव्हती, ते वाचून मी दिवसभर जेवलो नाही. तुटक रेष म्हणजे तिनं तिथे पाहिलं होतं, आणि जिथवर दिसलं तिथवरच काढलं होतं. माझ्या बाजूला तुटक रेष नाही, कारण कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही यातला फरकच मला कळत नव्हता.

त्या वाटेनं जाऊ देऊ नकोस.

नंदू

ता. क. १२ जानेवारी. हे पत्र तीन आठवडे माझ्या कोटाच्या खिशात आहे. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत मी चार वेळा जाऊन आलो. देविकाकडे दिलं असतं तर तिनं "काय लिहिलंत बाबा" विचारलं असतं. ९ तारीख मी विसरलो नव्हतो. आता टाकतो आहे.


ब्रिस्टल, १५ जानेवारी २०२६

काका,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. सिया परवा घळीत उतरली.

देविकाताईला फोन केला. ती म्हणाली, "बाबा दार लावून बसलेत, काय झालंय?" म्हणून मी हे पान लिहून त्याचा फोटो तिला पाठवते आहे. ती ते छापून तुमच्यासमोर ठेवेल. म्हणजे ते तिला वाचावं लागेल. माझा इलाज नाही. तुमच्याकडे इलाज तीन आठवडे होता, तुमच्या खिशात.

मुलांकडे उपग्रहावरून मेसेज पोचवणारं एक यंत्र आहे, पण त्याला वर मोकळं आभाळ लागतं. घळीत आभाळ म्हणजे एक चिंधी. मी सकाळपासून अकरा मेसेज पाठवले. एकही पोचल्याची खूण नाही. तिथल्या पोलिसांना कळवलं. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी गाडीपाशी आले नाहीत तर शोधू. कुठे शोधायचं म्हणून त्यांनी माझ्याकडे नकाशा मागितला. मी त्यांना शीट चौदा पाठवलं. दुसरं काय पाठवणार?

तुमच्यावर मी किती चिडले आहे ते इथे लिहीत नाही, वेळ नाही. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या. या वेळी आठवणी नकोत, सह्या नकोत. पश्चिम भागात, घळीच्या वळणापाशी, काकूंच्या सहा तुटक रेषा एकमेकींपासून लांब जातात. तिथे वर यायला वाट आहे का? माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहा.

ऋजुता


लीड्स, १५ जानेवारी २०२६

ऋजू,

देविकानं वाचलं. ती शेजारी बसली आहे, तिच्या फोनवरून हे पाठवेल.

तिथे दरड कोसळून दगडगोट्यांचा उतार झाला आहे. त्याचं खालचं टोक मधूनं पाहिलं होतं आणि वरचं टोकही. मधला भाग सावलीत होता. त्यावरून साहेबाशी तिचं भांडण झालं होतं, म्हणून मला पक्कं आठवतं. तो म्हणाला, वर आहे, खाली आहे, तर मधे असणारच, जोडून टाका. तिनं जोडलं नाही.

मधे काय आहे ते माहीत नाही.

नंदू


ब्रिस्टल, २५ जानेवारी २०२६

नंदूकाका,

सिया कालच घरी आली. देविकाताईकडून तुम्हाला एवढं कळलं असेल. बाकीचं मी लिहायला हवं, कारण त्यात माझाही भाग आहे.

आमचा एकही मेसेज तिला वेळेत पोचला नाही. मी पुढे पाठवलेलं तुमचं उत्तर, माझे अकरा, पोलिसांचा एक, सगळे १७ तारखेला दुपारी ती वर आल्यावर एकदम धडाधड आले. म्हणजे तिला आपल्यापैकी कुणी वाचवलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, नाहीतर काही वर्षांनी आपण दोघं मिळून हे बदलून टाकू.

१५ तारखेला दुपारी ते लाल वर्तुळापाशी पोचले. तिथे खिंडार नाही. कडा सरळसोट आहे, चाळीस मीटर तरी. त्यात पांढऱ्या दगडाचा एक रुंद पट्टा आहे. दुपारी त्यावर ऊन पडलं की तो सगळ्या अंधारात एकटा चमकतो. तुमची सावली तिथे तुटली होती.

लिओरा रडली. इथन म्हणाला, गाडीवाला आपल्याला शोधायला येईल, इथेच थांबू. सियानं नकाशा जमिनीवर पसरला. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मी ते तीनदा विचारून घेतलं.

"आई, आमच्या जिओलॉजी मॅप्समध्ये डॅश लाइन म्हणजे काय? म्हणजे कोणीतरी तिथे बघितला, आणि नाही दिसला, आणि खोटं नाही बोलला. मला ते आधीपासून ऑड वाटत होता, की पूर्वेला एक पण डॅश नाही. कोणाला इतका सगळा कसा दिसेल? पण तू फॉर्मवर गुड लिहिला होतास. सो आय थॉट, आईला माहीत असेल."

ते मागे फिरले. दीड दिवसाची वाट. पाणी तिघांत मिळून दोन बाटल्या उरलं होतं. १७ ला सकाळी वळणापाशी पोचले. दगडांचा उतार होता, काकूंनी दाखवला तिथेच. खालचं टोक होतं, वरचं होतं. मधे, जिथे रेषा तुटक आहेत, तिथे दोन पुरुष उंचीची उभी पायरी होती. इथनचं मनगट तिथे मोडलं. पण ते वर आले. गाडी दुसऱ्या टोकाला होती, ती यायला चार तास लागले. सियाच्या ओठांच्या भेगा अजून भरल्या नाहीत. काल तिनं सिंकपाशी उभी राहून नळ सोडला आणि नुसता वाहू दिला.

काका, मला तुमच्यावर नीट रागावताही येत नाही, आणि याचाच जास्त संताप येतो. तुम्ही तेव्हा जे केलंत ते मी समजू शकते. तीन आठवड्यांचा खिसा मी समजू शकत नाही आणि समजून घ्यायचा प्रयत्नही करणार नाही. पण "चांगली" हा शब्द माझा होता. तो रकाना भरायला मी एक मिनिटही घेतलं नव्हतं. रेष देखणी होती, म्हणून. सियानं शंका घेतली तेव्हा तिनं ती मला सांगितली नाही, कारण घरात शंका घेणं हे माझं खातं आहे आणि मीच निश्चिंत होते. तुमच्या तपासणाऱ्यावर हसायचा अधिकार मला राहिला नाही.

शीट चौदाचं स्कॅन मी वेबसाइटवरून तात्पुरतं उतरवलं आहे. मार्चअखेर नोंद पुरी करायची आहे. पश्चिम बाजूसाठी मधुमती कारखानीस हे नाव घातलं. एकच नाव मावतं म्हणणाऱ्या फॉर्मशी मी दोन दिवस भांडले आणि आता दोन मावतात. पूर्वेसाठीचा रकाना रिकामा आहे. तुम्ही लिहिलं होतं, माझं नाव घालू नकोस. ते मी ऐकणार नाही. पण काय म्हणून घालायचं ते तुम्ही सांगा.

ऋजुता


लीड्स, ४ फेब्रुवारी २०२६

चि. ऋजू,

देविका आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. काल तिनं चहा केला आणि माझ्या कपात दूध स्वतः ओतलं. मग म्हणाली, "आई नसती तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी पकडले गेला असतात." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आणि मी झाले म्हणून हे झालं, असं मला एकदा तरी सांगणार होतात का?" मी म्हटलं, नाही. एवढंच झालं.

सियाची माफी मागण्याचं पत्र मी तीनदा लिहिलं. ते कुठे जाऊन संपवायचं ते कळत नाही. पुरं झालं की टाकेन. या वेळी देविका टाकेल.

तुझी फोटोकॉपी परत पाठवतो आहे. लाल वर्तुळ तसंच आहे. आतल्या आठ रेषांवर पांढरा रंग दिला आहे. ब्रश कागदाला टेकला की नाही हे मला कळेना, तेव्हा देविकानं माझं मनगट धरलं. वर्तुळाबाहेरही पूर्वेच्या कडेपर्यंत सगळं पांढरं केलं. त्यातला एखादा कडा खरा निघाला असता, पण कुठला ते मला माहीत नाही. पांढरी जागा सोडायची मुभा तेव्हाही होती. त्यावर दोन शब्द लिहावे लागत आणि खाली सही. ते दोन शब्द मी आता लिहिले आहेत, "पाहिलेले नाही", आणि खाली पूर्ण नाव. नोंदीत तेच घाल.

पांढऱ्यावर मध्यभागी थोडी जागा ठेवली आहे. सियाचे ओठ बरे झाले की तिला म्हणावं, तो चाळीस मीटरचा कडा तिच्या हातानं काढ. जेवढा दिसला तेवढाच.

नंदकुमार कारखानीस